मिलिटरीच्या ताब्यात द्या म्हणणाऱ्यांना

26 जानेवारी, 15 ऑगस्ट किंवा कारगिलचा दिवस जवळ आला की एक फोटो फिरायला लागतो. अर्ध्या भागात बर्फात उभा असलेला जवान, अर्ध्या भागात सभागृहात डुलक्या घेणारा कुठलातरी पुढारी, आणि खाली दोघांच्या पगाराची तुलना. मग त्याच्यावर वाद सुरू. आमच्या सोलापुरात त्या वादाला पाण्याची फोडणी असतेच, की चार-चार पाच-पाच दिवसांनी नळाला पाणी येतंय आणि ह्यांचे बंगले बघा, सगळे चोर हायत ओ, देश एकदा पाच वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या म्हणजे सुतासारखे सरळ होतील. कुणी म्हटलं की बाबा मिलिटरीत पण घोटाळे झालेत की, तर तो लगेच देशद्रोही. आणि तो म्हणणारा पण काही विचार करून बोलत नसतो, समोरच्याला गप्प करायचं म्हणून मुंबईतल्या आदर्श इमारतीच्या घोटाळ्याचं नाव घेतो आणि निघून जातो. दोन्ही बाजूंनी इतका वाईट वाद मी दुसऱ्या कुठल्या विषयावर बघितला नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. जवानाचं शौर्य खरं आहे आणि पुढाऱ्यांचं खाणं पण खरं आहे, पण ही दोन चित्रं शेजारी शेजारी चिकटवून आपण जे करतो त्यात जवानाचा काडीचा फायदा नाही, फायदा होतो तो खाणाऱ्याचा. सैन्यातला माणूस सरळ राहतो तो काही वेगळ्या रक्ताचा असतो म्हणून राहत नाही. त्याच्यावर नजर ठेवणारी, चुकला तर ठोकणारी, आणि नीट वागला तर त्याच्या मागं उभी राहणारी एक व्यवस्था तिथं आहे. तशी व्यवस्था गावात, प्रभागात, झेडपीत का नाही हा खरा प्रश्न, आणि तो विचारायचा कंटाळा येतो म्हणून आपण फोटो टाकतो.

आता समोरच्याचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. जीव पणाला लावणं ही गोष्ट पगारात मोजता येत नाही. 2016 च्या नोव्हेंबरात नगरोट्याच्या हल्ल्यात पंढरपूरचे मेजर कुणाल गोसावी गेले तेव्हा अख्खा जिल्हा हळहळला, ते काही कुणी सांगितलं म्हणून नाही. एखाद्या आमदाराच्या कामात असा कुठला दिवस येतो की आज संध्याकाळी आपण घरी जाऊ का नाही हे त्याला माहीत नसतं? आणि शिस्तीचं पण खरं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा सोलापूरपण हादरलं होतं, जखमी लोकांना इथल्या सिव्हिलला आणलं होतं, आणि ढिगाऱ्याखालून माणसं काढायला जवान उतरले ते ज्यांनी बघितलं त्यांच्या तोंडून सैन्याबद्दल वाकडा शब्द कधी निघणार नाही. दुसरीकडं राजकारणाची अवस्था आकड्यातच बघा. 2024 ला लोकसभेत निवडून आलेल्या 543 खासदारांपैकी 251 जणांनी स्वतःच्याच अ‍ॅफिडेव्हिटमध्ये आपल्यावर गुन्हे दाखल असल्याचं लिहून दिलंय. गुन्हा दाखल म्हणजे गुन्हा सिद्ध नाही, आंदोलनाच्या केसेस पण त्यात असतात, सगळं मान्य. तरी निम्म्याच्या जवळपास? माणूस चिडला तर त्याची चूक काय?

चिडण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. तक्रार आहे ती चिडून जो उपाय सांगितला जातो त्याबद्दल, आणि तो सोलापूरच्या माणसानं सांगावा ह्याचं मला जास्तच नवल वाटतं. कारण मिलिटरीच्या ताब्यात शहर म्हणजे काय असतं हे ह्या देशात ज्या थोड्या गावांनी भोगलंय त्यात आपलं नाव वरचं आहे. मे 1930. गांधीजींना अटक झाली, 8 मे ला इथं गोळीबार झाला, लोक खवळले, पोलीस चौक्या जळाल्या, आणि पुढचे तीन-एक दिवस शहरात इंग्रजांचं राज्य नावालाही नव्हतं. तेव्हा सोलापूर चालवलं कुणी? काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी, म्हणजे ज्यांना आपण आज तुच्छतेनं कार्यकर्ते म्हणतो त्या जातीच्या माणसांनी. रस्त्यावरची वाहतूक त्यांनी बघितली, बंदोबस्त त्यांनी बघितला. 12 मे ला मार्शल लॉ लागला तो जूनच्या शेवटापर्यंत. त्या काळात गांधी टोपी घालणं हासुद्धा गुन्हा होता. आणि मग 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघं फासावर गेले, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. चौघांपैकी एकही सैनिक नव्हता. कुर्बान हुसेन तर वर्तमानपत्र चालवायचे. आपल्या शहराची सगळ्यात मोठी शौर्याची गोष्ट ही बिनवर्दीच्या माणसांची आहे, राजकारण करणाऱ्या माणसांची आहे, आणि त्यांच्यासमोर वर्दी होती.

ह्यावर लगेच कुणीतरी म्हणेल की अहो ते परक्यांचं लष्कर होतं, आपल्या जवानांशी त्याची तुलना करताय? बरोबर आहे, नाही करत. मग आपापल्या लष्कराची उदाहरणं घेऊ, शेजारीच आहेत. पाकिस्तानात 1958 ला अयूब खान आला तो हेच म्हणत आला, की पुढाऱ्यांनी देश खाल्लाय, आता आम्ही साफ करतो. दुसऱ्या वर्षी कायदा काढून पुढाऱ्यांना निवडणुकीतून बाद करायला सुरुवात केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिथल्या चहाच्या टपरीवर तेव्हा आपल्यासारखीच वाक्यं ऐकू आली असणार. पुढं काय झालं? दहा वर्षांत त्याच्याच पोराच्या कारखानदारीवरनं बोंबाबोंब सुरू झाली. 1999 ला मुशर्रफ पुन्हा तेच सांगत आला, भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी खास खातं काढलं, आणि त्याच मुशर्रफनं 2007 ला स्वतःची खुर्ची डळमळायला लागल्यावर पुढाऱ्यांवरचे खटले माफ करणारा वटहुकूम काढला. म्हणजे चोर पकडायला आलेला माणूस शेवटी चोरांशी तडजोड करून बसला, आणि मधल्या काळात सैन्याच्या नावानं सिमेंट, खत, प्लॉटिंग सगळे धंदे जोरात. बांगलादेशात इर्शादचं तेच, 1982 ला भ्रष्टाचार मोडायला आला, 1990 ला लोकांनी घालवला आणि भ्रष्टाचाराच्याच केसमध्ये आत गेला. ह्यात त्या देशांचे सैनिक भित्रे होते किंवा वाईट होते असा भाग नाही. माणूस शूर असला म्हणून तो हिशोबाच्या वर जात नाही, आणि ज्याला हिशोब विचारणारा कुणी उरत नाही तो कितीही शूर असला तरी खातो.

बरं ते पण सोडा, लांबचं झालं. सोलापूरनं स्वतः एक प्रयोग करून बघितलाय, आपल्या ध्यानातच नाही. मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूकच झाली नाही. पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी नगरसेवक नाही, महापौर नाही, स्टँडिंग कमिटी नाही, म्हणजे ज्यांना आपण चोर म्हणतो त्यातला एकही जण खुर्चीवर नव्हता. परीक्षा देऊन आलेले अधिकारी, प्रशासक म्हणून सगळे अधिकार एका हातात. पाणी रोज आलं का? त्याच्याआधी 2016 ला पहिल्या वीस स्मार्ट सिट्यांत आपला नंबर लागला होता म्हणून पेढे वाटले होते, तेव्हापासून उकरलेले रस्ते प्रशासकाच्या काळात गुळगुळीत झाले का? उजनीची समांतर पाईपलाईन वर्षानुवर्षं रखडली त्याची सगळी कारणं पुढाऱ्यांच्या खिशातच सापडतात का? मी प्रशासकांना चोर म्हणत नाहीये, त्यातल्या काहींनी मन लावून काम केलंय. पण पुढारी काढून टाकला की घाण आपोआप जाते हे जे गृहीत आहे त्याचं काय झालं ते आपण डोळ्यांनी बघितलंय. उलट नगरसेवक असताना निदान रात्री त्याच्या दारात जाऊन घागर आपटता यायची, प्रशासकाच्या दारात गार्ड असतो.

आता दुसऱ्या बाजूकडं वळतो, म्हणजे आदर्शचं नाव घेऊन पळणाऱ्यांकडं. आदर्श ही कुलाब्यातली 31 मजली इमारत, आणि सगळ्यांच्या डोक्यात बसलेली गोष्ट अशी की कारगिलच्या विधवांसाठी ठेवलेली घरं पुढाऱ्यांनी आणि मोठ्या अधिकाऱ्यांनी ढापली. 2010 ला मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं, मेंबरांच्या यादीत माजी लष्करप्रमुखांची, नौदलप्रमुखांची नावं निघाली. हे सगळं खरं. पण नंतर चौकशी आयोगानं काय सांगितलं ते किती जणांनी वाचलं? आयोग म्हणाला की जमीन राज्य सरकारची होती आणि ती कारगिलसाठी राखीव नव्हतीच. म्हणजे घोटाळा नव्हता असं नाही, 25 सभासद अपात्र निघाले, बरेच फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर घेतलेले निघाले. गंमत बघा, आपण वर्षभर विधवांच्या नावानं डोळे पुसत बसलो आणि खरी चोरी झाली ती फायलींमध्ये, कुणाच्या सहीनं चटईक्षेत्र वाढलं, कुठल्या परवानगीकडं काणाडोळा झाला, कुणाचा नातेवाईक कुठल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर बसला. त्या कंटाळवाण्या भागावर आपण बोललोच नाही. भावना पेटली की हिशोब कुणी बघत नाही, आणि खाणाऱ्याला नेमकं हेच पाहिजे असतं.

तरी आदर्शवरनं सैन्य पण तसलंच हा निष्कर्ष काढणारा माणूस चुकतोय. 2001 च्या तहलकाच्या टेपा आठवा, पत्रकारांनी छुप्या कॅमेऱ्यानं काढलेल्या. एका पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष कॅमेऱ्यासमोर एक लाखाच्या नोटा घेताना दिसला, आणि त्याच टेपांमध्ये लष्करी अधिकारी पण सापडले. अधिकाऱ्यांवर सैन्यानं चौकशी लावली, कोर्ट मार्शल केलं. पक्षाध्यक्षाला कोर्टात शिक्षा व्हायला 2012 उजाडलं, अकरा वर्षं. दोन्हीकडं माणूस तोच, मोह तोच, नोटा पण त्याच. वेगळं काय होतं? खाल्ल्यावर बिल किती लवकर येतं एवढंच वेगळं होतं.

आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये, महाराजांना साडेतीनशे वर्षांपूर्वी माहीत होतं. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना त्यांनी लिहिलेलं पत्र सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यांच्याच दुसऱ्या एका पत्रातलं भाजीच्या देठाचं वाक्य तर गाडीच्या काचेवर पण चिकटवतात. पण ते चिपळूणचं पत्र नीट वाचा. त्यात मावळे शूर आहेत, ते असलं काही करणारच नाहीत, असा भाबडा भरवसा कुठंच नाही. उलट पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणा-गवत आधीच उधळलंत तर पुढं घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेकडनं ओरबाडायला लागाल, मग रयत म्हणेल ह्यांच्यापेक्षा मोगल परवडले, असं एक एक पाऊल पुढचं बघून लिहिलंय. रात्री दिवा उघडा ठेवला तर उंदीर जळती वात घेऊन जाईल आणि गवताच्या गंजी पेटतील इथपर्यंत लिहिलंय. ज्या सैन्याच्या शौर्यावर राज्य उभं होतं त्याच सैन्याला राजा सांगतोय की सामान बाजारातनं विकत आणा, आणि रयतेला त्रास झाला तर बदनामी तुमच्यावर येईल. शौर्याबद्दल प्रेम होतं म्हणून हिशोब सोडला नाही त्यांनी. आपण नेमकं उलटं करतो, जयघोष ठेवला आणि दाण्यागवताचं टाचण फेकून दिलं.

ह्या सगळ्या विषयात मला सगळ्यात जास्त छळणारी जोडी दोन इंजिनिअरांची आहे. पहिले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्स ह्या सैन्यातल्या इंजिनिअर पलटणीचे. एप्रिल 1948, काश्मीर, नौशेराहून राजौरीकडं जायचा रस्ता शत्रूनं सुरुंग पेरून आणि झाडं पाडून बंद केलेला. राणे आणि त्यांची माणसं तो रस्ता मोकळा करत होती, वरनं तोफगोळे, माणसं पडतायत, स्वतः जखमी. सुरुंगाच्या पट्ट्यातनं रणगाडा न्यायचा म्हणून हा माणूस रणगाड्याखाली सरपटत पुढं सरकत राहिला आणि दोरीच्या खुणेनं चालकाला वाट दाखवत राहिला. 8 ते 11 एप्रिल हे काम चाललं, आणि मग राजौरी हाती आलं. परमवीरचक्र मिळालं, आणि ते जिवंतपणी स्वीकारणारे ते पहिले. म्हणजे देशातलं सगळ्यात मोठं शौर्यपदक एका रस्ता करणाऱ्याला मिळालं, हे आपल्याला कधी सुचतं का?

दुसरे सत्येंद्र दुबे. आयआयटी कानपूरचे, महामार्ग प्राधिकरणात, सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर. हा पण रस्ताच करत होता. कामात खाबुगिरी दिसली, 2002 ला थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, आणि माझं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. ते पत्र त्यांच्या नावानिशी ह्या टेबलावरनं त्या टेबलावर फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांना गोळ्या घातल्या. तपासात सीबीआयनं ते लुटीचं प्रकरण ठरवलं, तिघांना शिक्षाही झाली, बऱ्याच लोकांना ते आजही पटत नाही. पण लुटीचं धरलं तरी पत्र फुटलं ते फुटलंच ना? राणे सुरुंगात शिरले तेव्हा त्यांच्या मागं पलटण होती, रणगाडे होते, वरिष्ठांना ते कुठं आहेत हे माहीत होतं, पडले असते तर उचलायला माणूस होता. दुबे शिरले तेव्हा त्यांच्या मागं कोण होतं? ज्यांना पत्र लिहिलं त्यांनीच नाव उघडं पाडलं. धाडस दोघांचं सारखंच होतं असं मला वाटतं, कदाचित दुबेंचं कणभर जास्त, कारण त्यांना एकट्यानं ठरवायचं होतं. असं बोलणाऱ्या माणसाला संरक्षण देणारा कायदा 2014 ला झाला, राष्ट्रपतींची सही पण झाली, आणि मग वर्षानुवर्षं तो लागूच केला नाही. कुठल्याही एका पक्षावर हे ढकलता येत नाही, आणि जवानाच्या फोटोखाली भांडणाऱ्यांपैकी कुणी ह्या कायद्याचं नाव घेतलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

मग हे जवान विरुद्ध पुढारी प्रकरण चालतं कुणाच्या फायद्याचं? जरा चौकात मान वर करून होर्डिंग बघा. जवानाचा फोटो, तिरंगा, आणि खाली हात जोडलेला भाऊ, दादा, मालक. ज्या पुढाऱ्याला शिव्या घालायला आपण जवान वापरतो तोच पुढारी स्वतःला झाकायला पण तोच जवान वापरतो. 12 जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्याला हार घालायला रांगेत पहिले कोण असतात? टेंडरचा विषय काढला की सीमेवरचा विषय काढायचा ही युक्ती चालते कारण आपण ती चालू देतो. आणि जवानाला त्यातनं काय मिळतं? 2020 ला संसदेत ठेवलेला कॅगचा, म्हणजे सरकारी खर्चाचं ऑडिट करणाऱ्यांचा, रिपोर्ट होता, सियाचिनसारख्या उंचीवर असलेल्या जवानांना बर्फातले गॉगल, बूट, जॅकेटं वेळेवर मिळाली नाहीत, रेशनमध्ये त्रुटी. बर्फातल्या जवानाचा फोटो टाकणाऱ्यांनी तेव्हा किती आरडाओरडा केला? जवानाच्या पायात बूट आहे का नाही हे शोधून काढलं ते चष्मा लावून व्हाउचर तपासत बसलेल्या ऑडिटवाल्यांनी. 2015 ला समान पेन्शनसाठी माजी सैनिक जंतरमंतरवर बसले होते, तिथं पोलिसांनी त्यांना रेटलं, मेडल लावलेल्या म्हाताऱ्या माणसांना. तेव्हा पण देश व्यवस्थित स्टेटस ठेवत होता.

राजकारणातली सगळी माणसं टाकाऊ असतात हे पण इतिहासात बसत नाही. 1962 ला चीनपुढं हार झाली त्यात दिल्लीतल्या पुढाऱ्यांचा वाटा मोठा होता, कबूल, आणि लष्करातल्या काही बड्या अधिकाऱ्यांचा पण होता. पण नंतर सैन्याची घडी बसवायला गेलेला माणूस कोण? यशवंतराव चव्हाण, कराडचा, राजकारणी, बंदूक न चालवलेला. 1965 ला जे सैन्य लढलं त्याच्यामागं त्या मधल्या तीन वर्षांचं बजेट, भरती, खरेदी आहे. आणि अब्रूचं म्हणाल तर 1956 हे एकच साल घ्या. अरियालूरला रेल्वे अपघात झाला, रेल्वेमंत्री शास्त्रीजी काही इंजिन चालवत नव्हते तरी मंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर सी. डी. देशमुखांनी देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं. त्याच्याही मागं जायचं तर रामशास्त्री, नारायणराव पेशव्याच्या खुनात राघोबादादाला तोंडावर दोषी ठरवून पुण्यातनं निघून गेला, त्याच्या कमरेला काय तोफखाना होता? किंवा आपल्या भैय्या चौकाजवळचे डॉक्टर कोटणीस, युद्ध चालू असताना चीनमध्ये जाऊन जखमींची ऑपरेशनं करत राहिले आणि 1942 ला बत्तिशीत तिथंच गेले. खुर्ची, घर, जीव, ज्याच्या हातात जे होतं ते त्यानं सोडायची तयारी दाखवली. हल्ली राजीनामा म्हणजे दुसऱ्या पक्षात जायच्या आधीची पायरी झालीय, त्यामुळं आपल्याला वाटायला लागलंय की अब्रू फक्त वर्दीत मिळते.

एक वाक्य अजून ऐकू येतं, नेत्यांच्या पोरांना सीमेवर पाठवा म्हणजे कळेल. ऐकायला झकास आहे. पण तिकडं जाऊन ती पोरं परत आल्यावर तुमच्या प्रभागातल्या ड्रेनेजचं बिल खरं निघेल ह्याची काय खात्री? आणि सैन्यात आपली जागा दुसऱ्याला धडा शिकवायला वापरावी असं सैन्याला तरी वाटतं का, ती काय शिक्षेची जागा आहे? त्यापेक्षा आपल्या स्वतःच्या पोरांकडं बघू. मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत पाकीट येतं तेव्हा दार कोण उघडतं? ते घेऊन वर परत हे म्हणायचं की ते चोरच आहेत मग आपण का सोडायचं. गरीबाच्या घरात त्या पाकिटातनं आठवड्याचं तेल-मीठ येतं हे मला माहितीय आणि त्याला मी नावं ठेवणार नाही. पण चारचाकी दारात असलेली सोसायटी सामुदायिक पाकीट म्हणून कंपाउंडला रंग मारून घेते त्याचं काय? सैन्यात असा व्यवहार सापडला तर नोकरी जाते. इथं सोसायटीच्या जनरल मीटिंगमध्ये त्यासाठी आभाराचा ठराव होतो.

किल्लारीचं वर म्हटलं ते पुरं करतो, कारण ते अर्धं सांगितलं तर फसवणूक होईल. जवानांनी ढिगारे उपसले, काही आठवड्यांनी ते गेले, त्यांचं काम तेवढंच होतं आणि ते त्यांनी चोख केलं. त्याच्यापुढं 52 गावं नव्या जागी वसवायची होती. कुणाचं घर केवढं होतं, सातबारा कुणाच्या नावावर, विधवेला घर द्यायचं का दिराला, कुठल्या वस्तीशेजारी कुठली वस्ती, कॉन्ट्रॅक्टरनं सिमेंट किती घातलं, पाण्याची टाकी कुठं. वर्षानुवर्षं चालणारं, भांडणांचं, सह्यांचं, मीटिंगांचं काम. तेच राजकारण आहे, त्याला दुसरं नाव नाही, आणि ते रायफल घेऊन करता येत नाही. काही गावांत बरं झालं, काही ठिकाणी वर्षानुवर्षं तक्रारी राहिल्या, आणि जिथं बरं झालं तिथं गावकरी कागद बघायला बसले होते.

सैन्यातनं गावात आलेल्या माणसानं काय केलं ह्याचं उदाहरण पण आपल्याच राज्यात आहे. अण्णा हजारे सैन्यात ड्रायव्हर होते, 1965 ला खेमकरणला होते. परत आल्यावर त्यांनी गाव मिलिटरीच्या ताब्यात द्या असं म्हटलं नाही, कागद दाखवा म्हटलं. त्यांच्या नंतरच्या दिल्लीच्या आंदोलनाबद्दल माझे मतभेद आहेत, तिथं पण सगळे पुढारी चोर हाच सूर शेवटी वर आला आणि लोकपाल कायदा होऊन पहिला लोकपाल नेमायला 2019 उजाडलं, तोपर्यंत गर्दी घरी गेली होती. पण माहितीच्या अधिकाराचं काम पक्कं झालं. महाराष्ट्रात 2002 ला कायदा आला, देशाचा 2005 ला. आज दहा रुपयांचा स्टॅम्प लावून आपल्या गल्लीतल्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका मागता येते, डांबराचा थर किती जाडीचा लिहिलाय, बिल कुठल्या तारखेला निघालं, तो खराब झाला तर किती वर्षं ठेकेदारानं फुकट दुरुस्त करायचा असतो. बहुतेक रस्ते त्या मुदतीतच उखडतात आणि आपण पुन्हा नव्या टेंडरची वाट बघतो, कारण मुदत आहे हेच कुणाला माहीत नसतं.

ह्यात पण धोका आहे, फुकट काही नाही. तळेगावच्या सतीश शेट्टींना जानेवारी 2010 मध्ये सकाळी फिरायला गेले असताना मारलं, जमिनीचे घोटाळे बाहेर काढायचे म्हणून ते ओळखले जायचे. म्हणूनच एकट्यानं अर्ज करू नये असं मी सांगतो. प्रत्येक प्रभागात एखादा तरी असा माणूस असतोच, शबनम घेऊन महापालिकेच्या जिन्यात भेटणारा, झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर जगणारा, लोक त्याला येडं म्हणतात आणि त्याच्या अर्जावर दुसरी सही करायला कुणी जात नाही. त्याला माहिती नाकारली की तो अपील करतो, अपिलाची सुनावणी लागते, आणि तिथं तो एकटा असतो, समोर चार अधिकारी. अशा एका सुनावणीला गल्लीतले सात-आठ जण नुसते मागं बसायला गेले होते, कुणी एक शब्द बोललं नाही. तारीख न देता तिथंच फाईल मागवली गेली आणि पुस्तिकेच्या प्रती आठवड्यात मिळाल्या. त्यातलं मोजमाप चुकीचं होतं, आता त्याची तक्रार चालू आहे, पुढची तारीख लागली की पुन्हा जायचंय. ज्यांना देश मिलिटरीच्या ताब्यात द्यायची घाई आहे त्यांनी त्या दिवशी सकाळी अकराला तिथं यावं, मागं खुर्च्या रिकाम्या असतात.